मॉनिटरिंग डॅशबोर्ड: दाटी किती चालते आणि मोकळी जागा नेमकी कुठे हवी

प्रश्न थोडक्यात असा आहे. टीमच्या जुन्या मॉनिटरिंग डॅशबोर्डवर, म्हणजे सेवा नीट चालते का ते दाखवणाऱ्या पानावर, ४६ पॅनेल (ग्राफ किंवा आकड्यांच्या चौकटी) होती. नव्या डिझाइनमध्ये त्यांच्या जागी नऊ मोठी कार्डे आली आणि भोवती भरपूर मोकळी जागा सोडली गेली. आता ऑन-कॉल इंजिनीअर (बिघाडाचा अलर्ट आला की धावून जाणारे) म्हणतात की काही बिघडले की पाच टॅब उघडावे लागतात. डिझायनर म्हणतात की जुन्या पानावर आधी कुठे पाहायचे तेच कळत नव्हते. बरोबर कोणाचे?

दोघांचेही, कारण तक्रारी वेगवेगळ्या आहेत. डिझायनरला खुपतो तो विस्कळीतपणा: सगळी पॅनेल सारख्या आकाराची, सारख्या अंतरावर, सारखीच भडक. इंजिनीअरला खुपते ते तुलना तुटणे: एरर कधी वाढल्या आणि डेटाबेसची कनेक्शन कधी संपली, हे आता शेजारी शेजारी दिसत नाही. पॅनेल कमी केल्याने पहिली तक्रार झाकली गेली आणि दुसरी नव्याने उभी राहिली. शब्दकोशाचे पान कितीतरी दाट असते, तरी हवा तो शब्द पटकन सापडतो, कारण क्रम ठरलेला असतो आणि प्रत्येक नोंदीची मांडणी एकसारखी असते.

माझे मत सरळ सांगतो. बिघाड शोधण्यासाठीचे पान दाटच हवे. मोकळी जागा थोडी हवी, पण ती गटांच्या मध्ये आणि ग्राफच्या आत, ठरवून सोडलेली. पान शांत दिसायला हवे असेल तर रंग कमी करा, माहिती नको.

नजर फिरवणे स्वस्त, स्क्रोल महाग

६० सेंटिमीटरवरून पडद्याकडे पाहताना डोळ्याला तीक्ष्ण दिसणारा भाग जेमतेम २ अंशांचा असतो, म्हणजे पडद्यावर सुमारे २ सेंटिमीटर. बाकी पडद्यावरचे रंग, हालचाल आणि ढोबळ आकार तेवढे जाणवतात. त्यामुळे दाट पान कुणी एका दमात वाचत नाही. नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारत फिरते. अशी एक उडी जवळजवळ फुकट पडते. स्क्रोल केले किंवा टॅब बदलला की मात्र आधीचा ग्राफ समोरून जातो आणि तो लक्षात ठेवावा लागतो. माणसाला एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरता येतात, असा मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांचा २००१ सालचा निष्कर्ष आहे. रात्री तीन वाजता अलर्टने उठवलेल्या माणसाकडून चारचीही अपेक्षा धरू नये.

यातून मांडणीचा पहिला नियम निघतो: ज्यांची तुलना करायची ते ग्राफ एकाच पडद्यावर हवेत. पण कसे? वेळ जुळवायची असेल तर एकाखाली एक, उंची जुळवायची असेल तर शेजारी शेजारी. बिघाडात पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'आधी काय हलले?' हाच असतो, म्हणून एकच सिग्नल वेगवेगळ्या थरांसाठी उभ्या स्तंभात ठेवा. गेटवेच्या (बाहेरच्या विनंत्या आधी जिथे येतात त्या थराच्या) एरर वर, त्याखाली अॅप्लिकेशनच्या, त्याखाली डेटाबेसच्या. नजर सरळ खाली आली की कोणत्या थरात पहिला उंचवटा आला ते दिसते. स्तंभ कोणते घ्यायचे याचा फार खल नको. गूगलच्या साइट रिलायबिलिटी पुस्तकातील (२०१६) चार सिग्नल, म्हणजे ट्रॅफिक, एरर, लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) आणि सॅच्युरेशन (क्षमता किती भरली), बहुतेक सेवांना पुरतात. यंत्रांच्या आणि डिस्कच्या खालच्या पातळीसाठी ब्रेंडन ग्रेग यांची यूज पद्धत (वापर, साचलेले काम, एरर) जास्त कामी येते.

एक बारीक गोष्ट हमखास निसटते. एका ग्राफच्या डाव्या अक्षावर '५' आणि दुसऱ्याच्या अक्षावर '१२,०००' लिहिलेले असेल तर अक्षाची रुंदी वेगळी होते आणि दोन्ही ग्राफ काही पिक्सेलनी सरकतात. मग एकाखाली एक ठेवूनही वेळ जुळत नाही. सगळ्या पॅनेलना अक्षाची रुंदी एकच, समजा ५० पिक्सेल, ठरवून द्या आणि डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये सामाईक क्रॉसहेअर चालू करा. एका ग्राफवर कर्सर नेला की बाकी सगळ्यांवर त्याच क्षणाची उभी रेघ दिसेल.

जागेचा हिशेब

ग्राफाना हे डॅशबोर्ड बनवण्याचे साधन धरून बोलतो. आकडे दुसऱ्या साधनात बदलतील, हिशेब तोच राहील. त्याचे जाळे २४ स्तंभांचे आहे, उंचीचे एक एकक ३० पिक्सेलचे आणि दोन पॅनेलमधले अंतर ८ पिक्सेल. १९२० × १०८० च्या पडद्यातून ब्राउझरची पट्टी आणि डॅशबोर्डची टूलबार वजा जाता सुमारे ८६० पिक्सेल उंची उरते, म्हणजे २२ एकके. नवे पॅनेल आपोआप १२ स्तंभ रुंद आणि ८ एकके उंच येते. तसेच राहू दिले तर एका पडद्यावर चार पूर्ण आणि दोन कापलेली पॅनेल मावतात, आणि ४६ पॅनेलसाठी आठ पडदे स्क्रोल करावे लागते. जुने पान गिचमिड वाटत होते ते बहुधा यामुळेच. दाटी नव्हतीच, होती ती लांबी.

त्याऐवजी असे मांडून पाहा. सर्वांत वर ३ एककांची पट्टी, तीत ४ स्तंभ रुंदीचे सहा आकडे, प्रत्येकामागे छोटी रेषा. त्याखाली तीन गट: गेटवे, अॅप्लिकेशन, डेटाबेस आणि रांगा. प्रत्येक गटाला १ एककाचे शीर्षक आणि ६ स्तंभ × ५ एककांचे चार ग्राफ. एकूण २१ एकके, म्हणजे ७९० पिक्सेल. स्क्रोल न करता १८ पॅनेल. डिप्लॉयमेंटसाठी (नवी आवृत्ती कधी चढवली हे दाखवायला) वेगळे पॅनेल नको. त्या सगळ्या ग्राफवर उभ्या रेघा म्हणून उमटवा. बिघाडांचा मोठा वाटा कुठल्या ना कुठल्या बदलातून येतो, त्यामुळे पानावरची सर्वांत उपयुक्त माहिती बऱ्याचदा हीच असते आणि ती जागाही घेत नाही.

उरलेल्या तपशिलाची पॅनेल खाली मिटलेल्या ओळींत किंवा सेवेच्या वेगळ्या पानावर. वरच्या ग्राफवरून तिथे जाणारा दुवा असा बांधा की निवडलेली वेळ आणि सेवेचे नाव सोबत जाईल. दुवा उघडल्यावर वेळ पुन्हा 'मागचे ६ तास' होत असेल तर लोक तो दुसऱ्यांदा वापरत नाहीत.

मोकळी जागा: कुठे कामाची, कुठे वाया

जवळच्या गोष्टी एकत्र आहेत असे डोळा आपोआप मानतो. म्हणून गटाच्या आतले अंतर लहान आणि गटांमधले त्याच्या किमान दुप्पट, शक्य तर तिप्पट हवे: आत ८ पिक्सेल असेल तर बाहेर २४. सगळीकडे २४ पिक्सेल ठेवले की पान ऐसपैस दिसते, पण कोण कोणासोबत आहे ते कळत नाही. नऊ कार्डांच्या डिझाइनमध्ये नेमके हेच होते. जागा भरपूर जाते आणि गट तयार होत नाहीत.

ग्राफानात अडचण अशी की ८ पिक्सेलचे अंतर सगळीकडे सारखेच असते. त्यावर दोन उपाय चालतात. गट वेगळे करायला ओळीचे शीर्षक वापरा. ते एक एकक खाते, पण वेगळेपणा आणि नाव दोन्ही देते. गटातल्या पॅनेलना पारदर्शक पार्श्वभूमी द्या, म्हणजे चौकटी जातात. चौकट ही जागा न घेणारी पण नजर अडवणारी गोष्ट आहे; १८ पॅनेलच्या चौकटी म्हणजे ७२ रेघा, आणि त्यांतली एकही माहिती देत नाही. जाळीच्या रेघा, प्रत्येक पॅनेलवर पुन्हा पुन्हा लिहिलेले सेवेचे नाव, वेळेचा तोच अक्ष बारा वेळा, हेही तसेच. वेळेचा अक्ष फक्त तळाच्या ग्राफला ठेवला तरी चालते, मात्र मग वरच्या ग्राफची आतली उंची थोडी वाढते. ती खटकत असेल तर अक्ष राहू द्या.

वाया जाणारी जागा ओळखायला सोपी असते. अर्धगोल काटा दाखवणारे गेज हे पहिले उदाहरण: ३०० × ३०० पिक्सेलमध्ये एक आकडा, तोही इतिहासाशिवाय. सीपीयू ७२ टक्के आहे हे कळून काय करायचे? तासाभरापूर्वी ३० होता की ७१, यावर सगळे अवलंबून असते. तेवढ्याच जागेत आकडा आणि मागे रेषा असलेली सहा पॅनेल सहज बसतात. दुसरे उदाहरण लेजेंडचे: २० नावांची यादी ग्राफखाली आली की निम्मी उंची तीच खाते.

आता ज्या रिकाम्या जागेकडे फारसे कुणी लक्ष देत नाही ती: ग्राफच्या आतली, रेषेच्या वरची. उभा अक्ष आपोआप ठरू दिला तर साधन रेषेला पूर्ण उंचीभर ताणते. मग ०.०१ टक्क्यावरून ०.०३ टक्क्यावर गेलेल्या एरर डोंगरासारख्या दिसतात आणि रोज दिसणाऱ्या डोंगरांकडे लोक बघेनासे होतात. अक्षाला 'सॉफ्ट मॅक्स' द्या, साधारण अलर्टच्या मर्यादेच्या दीडपट. मर्यादेची फिकट रेघही काढा. नेहमीच्या दिवशी रेषा तळाशी पडून राहील आणि वरची सगळी जागा रिकामी असेल. ती रिकामी जागा म्हणजे अजून किती वाव आहे याचे माप आहे. खरेच काही घडले आणि रेषा मर्यादेपलीकडे गेली तर सॉफ्ट मॅक्स अक्षाला वाढू देतो, त्यामुळे काही कापले जात नाही. डिस्क, कनेक्शन पूल, मेमरी यांसारख्या टक्केवारीला मात्र ० ते १०० असा कायमचा अक्ष द्या.

पॅनेल अरुंद केले की आकडेही बदलतात

दाटी वाढवणाऱ्यांनी हा भाग नीट समजून घ्यावा. ग्राफाना साधारणपणे पॅनेलच्या रुंदीत जितके पिक्सेल तितकेच बिंदू डेटाबेसकडे मागतो. १५ सेकंदांना एकदा नोंद घेतली तर २४ तासांत ५,७६० नोंदी होतात. पॅनेल ४६० पिक्सेलचे असेल तर एका बिंदूवर सुमारे तीन मिनिटे येतात. ३ तासांच्या खिडकीत तेच २३ सेकंद होतात आणि तासाभराच्या खिडकीत सगळ्या नोंदी मावतात. म्हणजे तेच पॅनेल वेळेच्या खिडकीप्रमाणे वेगळी गोष्ट सांगते.

प्रोमिथिअसमध्ये, म्हणजे अशा नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, याचा फटका दोन प्रकारे बसतो. क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) रेट, म्हणजे वाढीचा वेग, काढण्याची खिडकी १ मिनिट अशी पक्की लिहिलेली असेल आणि बिंदूंमधले अंतर ३ मिनिटे झाले, तर दर तीन मिनिटांपैकी दोन मिनिटांचा डेटा बघितलाच जात नाही. त्या दोन मिनिटांत आलेली एररची लाट ग्राफवर नसते. पान रिफ्रेश केले की कधी कधी अचानक उगवते, पुन्हा गायब होते. 'ग्राफ खोटे बोलतो' अशी तक्रार येते ती बऱ्याचदा इथून. उपाय म्हणजे ग्राफानाचे रेट इंटरव्हल हे व्हेरिएबल वापरणे. ते बिंदूंच्या अंतरानुसार खिडकी वाढवते आणि ती नोंदीच्या कालावधीच्या चौपटीपेक्षा कमी होऊ देत नाही. पण मग दुसरा परिणाम दिसतो: ३० सेकंदांची उसळी १८० सेकंदांत वाटली जाते आणि सुमारे सहापट बुटकी दिसते.

म्हणून दाट पानाची वेळेची खिडकी मुळातच लहान ठेवा. ३ तास हा माझा नेहमीचा पर्याय. २४ तास बघणे गरजेचे असेल तर लहान रेटची कमाल किंमत काढणारी रेकॉर्डिंग रूल (हिशेब आधीच करून साठवणारा नियम) लिहा आणि ग्राफच्या नावातच 'कमाल' असे म्हणा. ज्या मेट्रिकमध्ये (मोजमापात) अणकुचीदार उसळ्या हीच बातमी असते, उदाहरणार्थ रांगेची लांबी किंवा गार्बेज कलेक्शनचा (न लागणारी मेमरी मोकळी करतानाचा) थांबा, त्याला पूर्ण रुंदी देण्यात काही उधळपट्टी नाही. १,८८० पिक्सेलमध्ये २४ तास घेतले तर एका बिंदूवर ४६ सेकंदच येतात.

उंचीचेही असेच आहे. फार रुंद आणि बुटक्या पॅनेलमध्ये हळूहळू चढणारी रेषा सपाट वाटते. मेमरी गळती तासाला एक-दोन टक्क्यांनी वाढत असेल तर ९० पिक्सेलच्या उंचीत तीन तासांत ती सहा पिक्सेलही चढत नाही. अशा संथ गोष्टी या पानावर शोधूच नयेत. त्यांना 'या वेगाने किती तासांत भरेल' असा एक आकडा द्या. अंदाज काढणारी फंक्शन्स त्यासाठीच आहेत.

एका ग्राफमध्ये किती रेषा

सहा-सातपर्यंत रंगांवरून ओळख पटते. त्यापुढे रंग एकमेकांसारखे दिसू लागतात आणि वाचणारा लेजेंड आणि ग्राफ यांच्यात हेलपाटे घालतो. ४० पॉडच्या (सेवेच्या चालू प्रतींच्या) ४० रेषा एका ग्राफमध्ये टाकल्या की दिसतो तो एक जाड पट्टा. तो अगदीच निरुपयोगी नाही: सगळे एकत्र हलले की एखादा सुटून निघाला, एवढे त्यातून कळते. एवढेच हवे असेल तर सगळ्या रेषा एकाच करड्या रंगात काढा, लेजेंड बंद करा आणि नाव टूलटिपमध्ये येऊ द्या.

नावे हवीत म्हणून लोक 'टॉप ५' लावतात आणि ग्राफमध्ये १७ रेषा येतात. साधन बिघडलेले नसते. प्रोमिथिअस प्रत्येक बिंदूवर त्या क्षणाचे पहिले पाच निवडतो. क्षणाक्षणाला पाच जण बदलतात आणि तुटक रेषांचा ढीग होतो. टॉप ५ टेबलमध्ये, आत्ताच्या क्षणासाठी चांगले. ग्राफसाठी मधली किंमत आणि कमाल किंमत अशा दोनच रेषा काढा. त्यांच्यातली फट वाढली की कुणीतरी कळप सोडला असे समजा.

लेटन्सीसाठी सरासरी काढून टाका आणि पी५० व पी९९ (५० आणि ९९ टक्के विनंत्या ज्या वेळेच्या आत संपतात ती वेळ) ठेवा. सेवेच्या प्रत्येक प्रतीचा पी९९ घेऊन त्यांची सरासरी काढू नका. त्या आकड्याला काही अर्थ नसतो. हिस्टोग्रामच्या बकेट (वेळेच्या टप्प्यांप्रमाणे विनंत्यांची मोजणी) आधी एकत्र करून मग पर्सेंटाइल काढायचा. जागा असेल तर एक हीटमॅप (कुठे किती गर्दी ते छटेने दाखवणारा ग्राफ) द्या. दोन वेगळ्या गटांत विभागलेल्या विनंत्या, म्हणजे कॅशमधून आलेल्या आणि न आलेल्या, त्यात दोन स्वतंत्र पट्ट्यांसारख्या दिसतात. एवढी माहिती तेवढ्या जागेत मावणारा दुसरा प्रकार मला माहीत नाही.

शेकडो यंत्रे असतील तर रेषांचा नाद सोडा. प्रत्येक यंत्राला १६-२० पिक्सेलचा एक चौकोन, क्रम नेहमी तोच (रॅक किंवा झोनप्रमाणे, तीव्रतेप्रमाणे नव्हे). क्रम स्थिर असला की एकाच झोनमधले चौकोन एकत्र बिघडलेले लगेच दिसतात. तीव्रतेप्रमाणे लावले की हा नमुना मोडतो.

परिमाण कसे दाखवायचे याबाबत संख्याशास्त्रज्ञ क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांचे १९८४ चे काम अजूनही उपयोगी पडते. एकाच अक्षावरचे स्थान माणूस सर्वांत अचूक वाचतो, नंतर लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ, आणि रंगाची छटा सर्वांत शेवटी. म्हणून पाय चार्ट आणि बुडबुडे या पानावर नकोत. रंग 'इकडे बघ' म्हणायला उत्तम, 'किती' सांगायला कच्चा.

रंग आणि खोटे हिरवे दिवे

कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांत हा वाद आपल्या आधीच झालेला आहे. तिथल्या पडद्यांसाठीच्या आयएसए १०१ या २०१५ च्या मानकाभोवती जी पद्धत रुळली तिच्यात पार्श्वभूमी करडी, नेहमीची स्थिती करडी आणि गडद रंग फक्त बिघडलेल्या गोष्टीला. असे पडदे दिसायला नीरस असतात आणि तेच हवे असते. आपल्याकडे उलट चालते: सगळे ठीक असले की पान हिरवेगार, त्यात तीन पिवळे ठिपके कायमचे, आणि लाल आले तर त्याला हिरव्याशी झगडावे लागते. हिरवा काढून टाका. पिवळाही शक्यतो काढा. पिवळे दिसल्यावर कुणी काही करत नसेल तर तो रंग फक्त आवाज आहे. लाल आणि हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही असे पुरुष उत्तर युरोपीय वंशात सुमारे ८ टक्के आहेत, तेव्हा रंगासोबत शब्द किंवा चिन्हही हवे. अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१, रेषांचा ३:१.

हिरव्या दिव्याचा आणखी गंभीर दोष आहे. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच राहिला. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र 'बंद करण्याचा आदेश गेला' एवढेच सांगत होता, व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला की नाही हे नव्हे. खरी परिस्थिती दाखवू शकणारे टाकीचे मापक पॅनेलच्या मागच्या बाजूला होते आणि पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक अलार्म वाजले. माहिती कक्षात होती. एकत्र बघायच्या गोष्टी एकत्र नव्हत्या आणि दिवा भलतेच सांगत होता.

डॅशबोर्डवर हेच कसे घडते ते पाहा. एका आकड्याचे पॅनेल आपोआप 'शेवटची रिकामी नसलेली किंमत' दाखवते. वेळेची खिडकी ६ तासांची असेल आणि एक्स्पोर्टर (आकडे पुरवणारा प्रोग्राम) ३ तासांपूर्वी मेला असेल, तर पॅनेल ३ तास जुना आकडा ठामपणे दाखवत राहते. त्याला 'शेवटची किंमत' करा, क्वेरी तात्कालिक (फक्त आत्ताचा क्षण विचारणारी) करा आणि डेटा नसेल तेव्हा करड्या पट्ट्यांसह 'डेटा नाही' असा मजकूर येऊ द्या. रेषांच्या ग्राफमध्ये रिकाम्या जागा जोडू नका, शून्यही भरू नका. तिथे फट दिसलीच पाहिजे. एररच्या मेट्रिकमध्ये एक गुंता आहे: एकही एरर झालेली नसेल तर ती मालिकाच अस्तित्वात नसते आणि पॅनेल 'डेटा नाही' म्हणते. ते टाळायला सेवा सुरू होतानाच काउंटर शून्याने सुरू करा. क्वेरीत 'नसेल तर शून्य' लिहिले की मेलेला एक्स्पोर्टरही निरोगी दिसतो.

भिंतीवरचा पडदा हे वेगळे पान

आरामात वाचायला अक्षराची उंची डोळ्याशी २० कोनीय मिनिटांचा कोन करेल एवढी हवी (१ अंश म्हणजे ६० मिनिटे). १६ ही खालची मर्यादा. ६० सेंटिमीटरवर २० मिनिटे म्हणजे ३.५ मिलिमीटर, ४ मीटरवर २३ मिलिमीटर. ५५ इंची फुल एचडी टीव्हीचा एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे अक्षर ३७ पिक्सेल उंच आणि फॉन्ट सुमारे ५२ पिक्सेलचा. ओळींमधले अंतर धरता अख्ख्या टीव्हीवर तेरा-चौदा ओळी बसतात. फोर-के टीव्ही आणून यात फरक पडत नाही. अक्षर कडेने गुळगुळीत होते, दूरच्या माणसाला लहान अक्षर वाचता येत नाही. टेबलावरचे १८ पॅनेलचे पान भिंतीवर लावणे म्हणूनच निरर्थक, आणि भिंतीसाठीची कार्डे टेबलावर ऑन-कॉल माणसाला देणे तितकेच.

भार

४६ पॅनेल, प्रत्येकी ३ क्वेरी, १० सेकंदांनी रिफ्रेश आणि बिघाडाच्या वेळी दहा जणांनी पान उघडलेले: सेकंदाला १३८ क्वेरी, आणि त्याही डेटाबेस आधीच धापा टाकत असताना. दिसत नसलेली पॅनेल ग्राफाना उशिराने भरतो आणि मिटलेल्या ओळींतल्या क्वेरी चालवतच नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी असतो. पण लांब पान कुणी भराभर स्क्रोल केले की तो गाठला जातो. १८ पॅनेल, २ क्वेरी, ३० सेकंद केले तर सेकंदाला १२. नोंद १५ सेकंदांनी होत असताना ५ सेकंदांचा रिफ्रेश ठेवण्यात काहीच मिळत नाही. डॅशबोर्ड एचटीटीपी १.१ वरून येत असेल तर ब्राउझर एका सर्व्हरशी सहाच जोडण्या उघडतो आणि बाकी पॅनेल रांगेत थांबतात. प्रॉक्सीवर एचटीटीपी २ चालू करणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

४६ मधून १८ कशी निवडायची

प्रत्येक पॅनेलला एकच प्रश्न विचारा: ही रेषा आत्ता दुप्पट झाली तर ऑन-कॉल माणूस काय वेगळे करेल? उत्तर 'रोलबॅक' (मागच्या आवृत्तीवर परतणे), 'ट्रॅफिक वळवणे', 'अमक्याला उठवणे' असे काही असेल तर ते वर. उत्तर 'आणखी एक ग्राफ बघेल' असेल तर सेवेच्या पानावर. उत्तरच नसेल तर पॅनेल लगेच पुसू नका. मिटलेल्या ओळीत टाका आणि निदान एक बिघाड आणि एक महिनाअखेर जाऊ द्या. प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर कुणीतरी 'हेही दिसायला हवे होते' म्हणून एक पॅनेल जोडतो आणि ४६ आकडा असाच होतो. तेव्हा नियम करा की वरच्या भागात एक आले तर एक खाली जाईल.

नवी मांडणी आवडते का, असे विचारून काही कळत नाही. मोकळे पान सगळ्यांना आवडते. मागच्या बिघाडाची वेळ डॅशबोर्डवर पक्की करा आणि त्या बिघाडात नसलेल्या सहकाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कधी सुरू झाले, कोणत्या थरात, त्याआधी काय बदलले. स्क्रोल न करता अर्ध्या मिनिटात उत्तरे आली तर मांडणी चालते. तीन-चार वेगवेगळे बिघाड घ्या, त्यात एक असा ज्यात मॉनिटरिंगच बंद पडले होते. पानाचा स्क्रीनशॉट कृष्णधवल करून पाहा. गट तरीही वेगळे दिसले तर अंतरे बरोबर आहेत. मग तोच स्क्रीनशॉट धूसर करा. नेहमीच्या दिवसाचा असेल तर त्यात काहीच उठून दिसू नये, बिघाडाच्या वेळचा असेल तर एकच जागा दिसावी.

डिझायनरने केलेली नऊ कार्डे फेकायची गरज नाही. त्यांतले गेज काढा, प्रत्येक कार्डावर सेवेचे नाव, स्थिती आणि या महिन्याचे उरलेले एरर बजेट (अजून किती एरर चालतील) एवढेच ठेवा, फॉन्ट ५२ पिक्सेलचा करा आणि भिंतीवर लावा. कार्डावर क्लिक केले की त्याच वेळेसह १८ पॅनेलचे पान उघडू द्या, म्हणजे व्यवस्थापकांना रोज उघडायलाही तेच चालेल.